प्रोजेक्टर संस्थेचा, जोडणी कोणाची?

प्रति,
मा. प्राचार्य आणि मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती

विषय : वर्गखोल्यांतील प्रोजेक्टर व मॉनिटर यांना संगणक जोडण्याच्या साधनांबाबत प्राध्यापक संघटनेचे मागणीपत्र

महोदय,

महाविद्यालयाच्या बहुतेक वर्गांत छताला प्रोजेक्टर आहे, नव्या इमारतीत भिंतीवर मोठे मॉनिटर आहेत. मूल्यांकनाच्या अहवालात या खोल्यांची नोंद ‘आयसीटी सुसज्ज’ अशी होते आणि ती खोटी नाही. मात्र लॅपटॉप आणि भिंतीतले सॉकेट यांच्यामध्ये जी वीतभर वस्तू लागते, ती कोणी घ्यायची आणि कोणी सांभाळायची, हे संस्थेच्या कोणत्याही कागदावर नाही. कागदावर नाही म्हणून ती शिक्षकाने खिशातून आणायची, असा रिवाज पडून गेला आहे. आमचे म्हणणे असे की खडू-डस्टर जसे वर्गाचे, तसा अडॅप्टरही वर्गाचा.

‘लॅपटॉप तुमचा, मग पिनही तुमचीच’ हे उत्तर आम्हाला कार्यालयातून मिळते. लॅपटॉप आमचा हे खरे. भिंत आमची नाही. शिक्षक दर तासाला खोली बदलतो. एका खोलीत निळे व्हीजीए सॉकेट, दुसरीत एचडीएमआय, तिसरीत टेबलावर लोंबणारी वायर आणि तिचे टोक कोणते ते वर्गात शिरल्यावरच कळणार. प्रत्येकाने प्रत्येक खोलीसाठी वेगळे साधन बाळगावे, ही अपेक्षा वाजवी नाही. तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांकडून तर मुळीच नाही. त्यांचे मानधन तासावर आणि अडॅप्टर मात्र पदरचा.

ही अडचण कोणाच्या आळसातून आलेली नाही, हेही नमूद करतो. पंधरा पिनांची व्हीजीए जोडणी आयबीएमने १९८७ मध्ये आणली. ती अ‍ॅनालॉग आहे आणि तिच्यातून आवाज जात नाही. डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी, डेल, लेनोवो आदी कंपन्यांनी ही जोडणी २०१५ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे जाहीर केले होते. पुढे लॅपटॉप पातळ झाले, तसे व्हीजीए गेले, मग काही मॉडेलमधून एचडीएमआयही गेले आणि कडेला उरली टाइप-सीची दोन छिद्रे. आपल्या भिंतींतील वायरिंग मात्र जुनेच राहिले.

पहिली मागणी याच वायरिंगची आहे, आणि तिच्या तपासणीला पैसे लागत नाहीत, शिडी लागते. गेल्या काही वर्षांत घेतलेल्या प्रोजेक्टरांना मागच्या बाजूला सहसा एचडीएमआय पोर्टही असते. बसवणाऱ्याने सवयीने व्हीजीएची वायर ओढली असेल, तर ते पोर्ट छताशी रिकामेच राहते. प्रत्येक खोलीत वर चढून ते तपासावे. पोर्ट असेल तिथे नवी वायर ओढावी. अंतर दहा-पंधरा मीटरचे असेल तर स्वस्त एचडीएमआय वायरीवर चित्र तुटण्याची शक्यता असते, म्हणून चाचणी घेऊनच वायर भिंतीत पुरावी. तपासणी झाली की टेबलाशेजारी मराठीत एक छोटी पाटी लावावी : सॉकेट कोणते, आवाज कुठून येतो, अडल्यास कोणाला बोलवायचे.

दुसरी मागणी अडॅप्टरांची. प्रत्येक खोलीत टाइप-सी ते एचडीएमआय असा एक, आणि जिथे व्हीजीएशिवाय पर्याय नाही तिथे एचडीएमआय ते व्हीजीए असा एक. दोन्ही टेबलाला तारेने बांधलेले आणि डेडस्टॉक रजिस्टरमध्ये त्या खोलीच्या नावावर चढवलेले. ‘वस्तू हरवतील’ या शंकेला ती तार हेच उत्तर आहे. कपाटात कुलूपबंद ठेवू नयेत. चावी ज्याच्याकडे असते तो शिपाई परीक्षा विभागात गेलेला असतो, हे सर्वांना ठाऊक आहे.

खरेदीबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण नुकसान तिथेच होते. या वस्तूंना ‘साधी पिन’ समजून सर्वांत कमी दराचे कोटेशन मंजूर होते. पण एचडीएमआय ते व्हीजीए हा नुसता जोड नाही. डिजिटल संकेताचे अ‍ॅनालॉग करणारी चिप त्यात असते आणि ती एचडीएमआयमधून मिळणाऱ्या पाच व्होल्टच्या तुटपुंज्या विजेवर चालते. वीज कमी पडली की चित्र थरथरते किंवा गायब होते. म्हणून यूएसबीवरून जादा वीज घेण्याची आणि आवाजासाठी वेगळ्या जॅकची सोय असलेलाच कन्व्हर्टर घ्यावा. जॅक नसेल तर भाषा प्रयोगशाळेत साठ विद्यार्थी लॅपटॉपच्या बारीक स्पीकरवर उच्चार ऐकत बसतात. हाच कन्व्हर्टर मध्ये असला की काही संरक्षित चित्रपट पडद्यावर दिसतच नाहीत, कारण नक्कल रोखणारी एचडीसीपी व्यवस्था व्हीजीएला मान्यता देत नाही. चित्रपट रसास्वादाच्या तासाला पडदा काळा राहतो, त्यात शिक्षकाचा दोष नसतो.

दिशाही महत्त्वाची आहे. डिस्प्लेपोर्ट या आणखी एका जोडणीतून एचडीएमआयकडे नेणारा स्वस्त अडॅप्टर बऱ्याच संगणकांवर चालतो. तोच उलटा लावला तर चालत नाही. ऑर्डरमध्ये ‘कशातून कशात’ हे स्पष्ट लिहावे. टाइप-सीचे तर छिद्र पाहून काहीच कळत नाही. एकसारखी दिसणारी चोवीस पिनांची दोन पोर्टे असतात. एक चित्र पाठवते, दुसरे केवळ चार्जिंग आणि डेटा. पोर्टाशेजारी डिस्प्लेपोर्टची किंवा थंडरबोल्टच्या विजेची खूण असेल तर चित्र मिळते. खूण नसली तरी मिळू शकते, म्हणून लावून पाहण्याला पर्याय नाही. विभागांसाठी नवे लॅपटॉप घेताना ‘टाइप-सीमधून व्हिडिओ मिळावा’ ही अट निविदेत घालावी, एवढी एक ओळ पुढचा बराच मनस्ताप वाचवेल. आणि वस्तू खोलीत प्रत्यक्ष जोडून पाहिल्याशिवाय पुरवठादाराचे बिल अदा करू नये.

जे आम्हाला नको तेही सांगतो. स्वस्त हबमधून ४के चित्र सेकंदाला ६० ऐवजी ३० वेळाच येते, अशी तक्रार काही सभासदांनी केली. ती खरी आहे, पण स्लाइड आणि आलेख दाखवायला ३० पुरेसे आहे. त्यासाठी संस्थेने जादा खर्च करावा असे संघटनेला वाटत नाही. सगळे प्रोजेक्टर बदला, अशीही मागणी नाही. वायरलेस यंत्रणेचा प्रस्ताव तूर्त बाजूला ठेवावा. ज्या इमारतीत हजेरीचे अ‍ॅप उघडायला वाय-फायची वाट पाहावी लागते, तिथे पडदाही त्याच वाय-फायवर सोपवणे शहाणपणाचे नाही.

उरलेल्या दोन मागण्या छोट्या आहेत. ज्यांनी स्वतःच्या पैशाने अडॅप्टर आणून वर्गात वापरले, त्यांना बिल दाखवल्यावर परतफेड मिळावी, तासिका तत्त्वावरील शिक्षकांना प्रथम. तसेच सकाळच्या पहिल्या तासाला एक प्रयोगशाळा साहाय्यक जोडणीच्या मदतीसाठी उपलब्ध असावा.

पुढील सत्राचे वेळापत्रक लागण्यापूर्वी या विषयावर संघटनेबरोबर बैठक घ्यावी, आणि कोणती मागणी मान्य व कोणती अमान्य, हे कारणांसह लेखी कळवावे, ही विनंती.

आपले,
अध्यक्ष, सचिव व सर्व सभासद
प्राध्यापक संघटना