पौषातले बिऱ्हाड

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपल्या आज्या-पणज्या कधी कौतुकाने वापरीत नसत. ज्याचे घरदार एका जागी टिकत नाही, ज्याला मुलगी देताना चार वेळा विचार करावा लागतो, अशा माणसाबद्दल ती उच्चारली जाई. आमचे एक चुलते सरकारी नोकरीत होते. दर तीन वर्षांनी त्यांची बदली ठरलेली, आणि दर तीन वर्षांनी घरातल्या वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडी ही म्हणही ठरलेली. पण काळ कसा पालटतो पाहा. आता याच विंचवाच्या थाटाने चार दिवस राहता यावे म्हणून शहाणीसुरती माणसे भाड्यापोटी घसघशीत रक्कम मोजतात आणि वर त्याला विश्रांती म्हणतात.

हे आठवण्याचे कारण आमच्या भाच्याचे पत्र. हा भाचा जर्मनीत स्टुटगार्टला असतो. गेल्या नाताळच्या सुट्टीत त्याने बायको आणि दोन मुलांसह एक 'मोटारघर' भाड्याने घेतले आणि ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरांत चार रात्री काढल्या. बाहेर उणे चौदा. आत दोन बिछाने, चूल, मोरी, पाण्याची टाकी, उष्णतेची सोय, सगळे काही. मात्र सुखाने झोपण्याआधी या माणसाला एवढी कामे करावी लागत की त्याची यादी वाचून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "याच्यापेक्षा इकडे येऊन चार दिवस अंगणात झोपला असता तर बरं."

वाचकांपैकी अनेकांची मुले-नातवंडे असल्या मुलखांत आहेत, म्हणून त्या यादीतले थोडे सांगतो. पहिली काळजी पाण्याची. नळी गोठली की फुटते, म्हणून टाकी आणि नळ्या उबेच्या कक्षेत ठेवाव्या लागतात. दुसरी गॅसची. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन या दोहोंचे मिश्रण असते. त्यातला ब्यूटेन शून्याच्या जरा खाली गेला की द्रवरूपातच बसून राहतो. सिलिंडर अर्धा भरलेला, आणि चूल मात्र विझलेली! म्हणून तिकडे हिवाळ्यात निव्वळ प्रोपेन भरून घेतात; तो उणे बेचाळीसपर्यंत दगा देत नाही. तिसरे म्हणजे गाडी उभी करताना हाताचा ब्रेक ओढायचा नाही, नाहीतर सकाळी तो गोठून चाकाला चिकटलेला सापडतो; गाडी गिअरमध्ये ठेवायची. आणि चौथे, जे आमच्या भाच्याला फार विचित्र वाटले, ते असे की एवढ्या कडाक्यातही छताची झरोकी किंचित उघडी ठेवावी लागते. चार माणसांच्या श्वासांतले पाणी रात्रभरात भिंतींवर जमते आणि पहाटे अंथरुणावर ठिबकते.

तिसऱ्या रात्री या झरोकीचे दुसरे कारणही त्याला कळले. दोनच्या सुमारास गाडीतली धोक्याची घंटा वाजू लागली. बर्फ एवढा पडला होता की उष्णता देणाऱ्या यंत्राच्या धुराड्याचे तोंड बुजून गेले होते आणि विषारी वायू आत मागे फिरू लागला होता. मुलांना पांघरुणासकट उचलून तो बर्फात उभा राहिला. "मामा, त्या घंटीची किंमत आपल्याकडच्या दोन-तीन हजार रुपयांएवढी आहे," एवढेच त्याने त्याबद्दल लिहिले होते. ते वाक्य आम्ही दोनदा वाचले.

हा वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साईड. त्याला वास नाही, रंग नाही. जिथे जळणाला पुरेशी हवा मिळत नाही तिथे तो तयार होतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. माणसाला गुदमरल्यासारखेही वाटत नाही, नुसती झोप येते. हे जर्मनीपुरते आहे असे कोणी समजू नये. दर हिवाळ्यात आपल्याकडेही बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेल्या माणसांच्या बातम्या येतात. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवण्याची रीत आमच्या भागात अजून पुष्कळ घरांत आहे. पूर्वी कौलांतून आणि दारांच्या फटींतून वारा खेळे, म्हणून ती निभावून गेली. आताच्या सिमेंटच्या छताखाली, काचेच्या घट्ट खिडक्यांआड ती निभावणार नाही. शेकून झाले की निखारे बाहेर नेऊन विझवावेत. खिडकी उघडी ठेवून शेगडी रात्रभर ठेवू, असा मधला मार्गही काढू नये.

असो. पत्र आले त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी, संक्रांतीच्या अलीकडच्या आठवड्यात, निपाणीला एका बारशाला जाऊन आम्ही रात्री बेळगावला परतत होतो. तवंदी घाट चढून वर आलो आणि गाडीचे चाक बसले. चालक चाक बदलू लागला, आणि आम्ही शालीत गुरफटून रस्त्याकडेला उभे राहिलो. पौषातला तो वारा! बेळगाव-निपाणीच्या माळावर पाणी गोठत नाही हे खरे. बेळगावची उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेसातशे मीटर. पण आभाळ निरभ्र असले की जमीन आपली ऊब सरळ आकाशाला देऊन टाकते, आणि हवेपेक्षाही गवत अधिक गार पडते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवाचे हिमकण होतात ते याच कारणाने.

रस्त्यापलीकडच्या रानात शेकोटी दिसत होती. तिथून हाक आली, "पाव्हणं, गारठ्यात का हुबं? या हिकडं शेकायला."

तो धनगरांचा वाडा होता. वाडा म्हणजे तुमच्या-आमच्या मनात येतो तो चौसोपी नव्हे. एकत्र फिरणारी चार-पाच कुटुंबे आणि त्यांची मेंढरे मिळून जो होतो तो वाडा. आमच्या भागात मेंढ्यांना 'बकरी' म्हणतात आणि शेळ्यांना 'शेरडं', हे परगावच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो, नाहीतर पुढचे बोलणे कळायचे नाही. सोयाबीन निघालेल्या मोकळ्या रानात वाघर, म्हणजे जाळीचे कुंपण, लावून त्यात तीनशेवर बकरी बसविली होती. शेताच्या मालकाला लेंडीखत आणि मुताची ओल मिळते; धनगराला त्याबद्दल धान्य किंवा रोख पैसे मिळतात. एका शेतात दोन-तीन रात्री, मग पुढचे शेत. घर मात्र बरोबरच: तीन दगडांची चूल, भांडी, पिठाची गोणी, अंथरुणे, डालग्याखाली झाकलेली कोकरे.

हे सगळे वाहून नेण्यासाठी पूर्वी घोडी असत. या वाड्यात एक घोडी होतीच, पण तिच्या शेजारी लोक ज्याला 'छोटा हत्ती' म्हणतात तो टेंपोही उभा होता. त्याच्या हौद्यावर ताडपत्री ताणलेली, आत एक आजीबाई दोन नातवंडांना घेऊन निजलेल्या, आणि बॅटरीला वायरी लावून तीन मोबाईल आणि एक दिवा चार्ज होत होता. आमच्या मनात आले, भाच्याचे मोटारघर ते हेच.

म्हाताऱ्या कारभाऱ्यांना आम्ही विचारले, "मामा, एवढ्या थंडीत उघड्यावर कसं निभतं?"

"आमचं काय घिऊन बसलायसा," ते म्हणाले. "बकऱ्यांच्या अंगावर घोंगडं हायच की. कोकरांचं तेवढं बघाय लागतंय. वल्या अंगाचं कोकरू वाऱ्याला गावलं की गेलं."

आमच्या देखतच एक मेंढी व्याली. सुनेने कोकरू उचलून गोणपाटाने खसाखसा पुसले, आईच्या तोंडाशी धरले, तिने चाटून घेतल्यावर पहिला चीक पाजला, आणि मग ते डालग्यात गेले. हे सारे करताना ती मेंढीशी कन्नडात बोलत होती. तिचे माहेर रायबागकडचे. सासऱ्यांशी मराठी, नवऱ्याशी दोन्ही, आणि जनावरांशी कन्नड. १ नोव्हेंबर १९५६ ला आखली गेलेली रेघ आम्ही सीमाभागातली माणसे एक दिवस विसरत नाही, आणि विसरावी असेही आमचे म्हणणे नाही. पण त्या रेघेवरून वर्षातून दोनदा तीनशे मेंढरे घेऊन जाणाऱ्या या घराला ती कोणत्या शेतातून जाते हे आम्हालाच विचारावे लागले.

वाडा कोठे टाकायचा यातही शास्त्र आहे. ओढा जवळ असूनही ते ओढ्याकाठी उतरले नव्हते. चढाच्या अंगाला, बांधावरच्या दोन आंब्यांच्या आडोशाने होते. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उतरत उतरत सखल जागी साचते. शिवाय झाडाखाली जमीन आकाशाला उघडी पडत नाही, म्हणून दव कमी. मामांनी हे एवढ्या शब्दांत सांगितले नाही. "वड्यात झोपलं तर सकाळी कुडकुडतंय," एवढेच म्हणाले.

मग आमचे लक्ष त्यांच्या अंगावरच्या काळ्या घोंगड्याकडे गेले. दख्खनी मेंढीची लोकर भरड असते, पण ओली झाली तरी ऊब सोडत नाही. वर्षातून दोनदा कातरणी, मग सूत, मग सनगरांच्या मागावर विणणे, शेवटी चिंचोक्याची खळ. असे घोंगडे पावसात छत्री, थंडीत पांघरूण आणि देवाच्या दारी आसन होते. हालसिद्धनाथाच्या भाकणुकीला कुर्ली-आप्पाचीवाडीस, किंवा विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला पट्टणकोडोलीस जे गेले आहेत त्यांनी भंडाऱ्याने पिवळी झालेली ही घोंगडी पाहिली असतील. याच लोकदैवतांच्या मागे लागून हायडेलबर्गचे एक प्राध्यापक, गुंथर सोन्थायमर, अनेक वर्षे महाराष्ट्रात हिंडले. बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबा यांवरचा त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ साली निघाला. १९९२ साली ते वारले. घरबसल्या धनगराला ओवाळणारे आपल्याकडे पुष्कळ. त्याच्या वाड्यावर जाऊन बसणारा हा परदेशी गृहस्थ आम्हाला त्यांच्यापेक्षा जवळचा वाटतो.

आता मात्र त्या घोंगड्याचा धागाच तुटत चालला आहे. लोकरीला गिऱ्हाईक नाही. कातरणीची मजुरीही सुटत नाही. दुकानात स्वस्त रंगीत ब्लँकेट मिळते. म्हणून मांसाला बरी अशी, उंच बाकदार नाकाची माडग्याळ जातीची मेंढी कळपात शिरली आहे. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावावरून तिचे नाव पडले. तिच्या अंगावर लोकर जेमतेम. म्हणजे मामा म्हणाले ते 'अंगावरचं घोंगडं' पुढच्या पिढीच्या बकऱ्यांवर असणारच नाही. दुसरी अडचण रानाची. घटप्रभा, वेदगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशी, सगळ्यांच्या काठांनी ऊस झाला. उसात बकरी घालता येत नाहीत. तंबाखूच्या रानात त्यांच्या तोंडाला काही लागत नाही. उरला महामार्गाचा कडेचा पट्टा, आणि तिथे रात्री धावणाऱ्या ट्रकांपुढे कळप ओलांडून नेणे म्हणजे जिवावरचे काम. मागच्या वर्षी त्यांची अकरा बकरी एकाच गाडीखाली गेली होती. गाडी थांबली नाही.

"नातवंडं शाळेत?" आम्ही विचारले. मोठा गावाकडे आजोळी राहून शिकतो. धाकटी दोघे वाड्याबरोबर. सून मध्येच म्हणाली, "आमच्यातलाच यमग्याचा पोरगा सायेब झाला की!" तिला म्हणायचे होते ते बिरदेव डोणे यांच्याविषयी. कागल तालुक्यातल्या यमगे गावच्या या मेंढपाळाच्या मुलाने केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत ५५१ वा क्रमांक मिळविला, आणि एप्रिल २०२५ मध्ये निकाल लागला तेव्हा तो बेळगाव भागात बकरी राखीत होता. त्या बाईंनी ही गोष्ट अशा आवाजात सांगितली की जणू तिचा थोरलाच पास झाला. मामा मात्र शेकोटीत काटकी सारीत म्हणाले, "येक झाला. बाकीच्यांच्या शाळंत हजेरी कोन लावनार?" याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. शाळेने पोराच्या मागे जावे अशी सोय आपल्याकडे कागदावर नेहमी दिसते. त्या माळावर आम्हाला दिसली नाही.

परदेशात या हौशी मोटारघरांची सुरुवात कोणी केली हेही भाच्याने लिहिले होते. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या, नौदलातून निवृत्त झालेल्या एका स्कॉटिश शस्त्रवैद्याने १८८५ साली ब्रिस्टॉलच्या कारखान्यात दोन घोड्यांची गाडी बांधून घेतली, तिला 'वाँडरर' हे नाव दिले आणि तीत बसून उत्तरेकडे इन्व्हर्नेसपर्यंत प्रवास केला. घराची कल्पना त्याने तिकडच्या जिप्सी लोकांच्या गाड्यांवरून उचलली. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली असल्या गाड्यांच्या पर्यटनाचे धोरण आखले आहे. त्यात गाडी उभी करण्याच्या जागा, पाणी, वीज यांचा विचार आहे. तो चांगलाच आहे. पिढ्यान्‌पिढ्या हेच करणाऱ्यांसाठी रात्रीच्या तळाची, पाण्याची आणि कळप ओलांडण्याची जागा कोणी आखली तर तेही वाईट होणार नाही.

चाक बसवून झाल्याची चालकाची हाक आली. निघताना सुनेने शेरडाच्या दुधाचा चहा दिला. आम्ही पैसे पुढे केले तेव्हा आजीबाई टेंपोतून डोके वर काढून चक्क रागावल्या.

घरी आल्यावर भाच्याला हे सारे लिहिले. त्याचे उत्तर दोन ओळींचे: "मामा, एक खरे दख्खनी घोंगडे पाठवाल का? गाडीतल्या त्या गाद्या थंडीत दगड होतात." आम्ही शोधायला लागलो. बेळगावच्या बाजारात तीन दुकाने पालथी घातली; दोन ठिकाणी जे दाखविले ते गिरणीचे निघाले. शेवटी एका ओळखीच्या सनगर गृहस्थांनी, लोकर जमेल तशी, असे सांगून काम घेतले. महिना म्हणाले, सात आठवडे लागले. काळे, भरड, अंगाला टोचणारे, आणि उघडताच सबंध घरभर मेंढवाड्याचा वास. वजन भरले अडीच किलो. जर्मनीला पाठविण्याचा खर्च घोंगड्याच्या किमतीच्या दुप्पट झाला.