सायलेन्सर बदलला म्हणजे बाइकची ताकद वाढली? दंड कोणाला, किती? समजून घ्या

पौर्णिमेला नृसिंहवाडीत दत्तदर्शनासाठी गर्दी उसळते. संगमाकडे जाणाऱ्या रस्त्यावर लेकराचा हात धरून चालणारे भाविक, दुतर्फा पेढ्यांची दुकाने. अशा ठिकाणी एखादी दुचाकी फटाक्यांसारखे आवाज काढत गेली, की सगळे दचकून बाजूला होतात. चालवणाऱ्याला मात्र वाटते, गाडी 'पॉवरफुल' झाली.

खरंच ताकद वाढते?
फारशी नाही. सायलेन्सरमधले कप्पे आणि आवाज शोषणारे अस्तर काढले की आवाज वाढतो. पण इंधन किती सोडायचे हे ईसीयू ठरवतो आणि त्याची मांडणी कंपनीच्या सायलेन्सरशी जुळवलेली असते. नुसता सायलेन्सर बदलला तर हवेच्या मानाने इंधन कमी पडून इंजिन जास्त तापू शकते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही काढला तर विषारी धूर वाढतो.

मर्यादा किती?
नव्या दुचाकीसाठी 80 ते 175 सीसीपर्यंत 77 डेसिबल, त्यापुढे 80. आवाज 10 डेसिबलने वाढला की ध्वनीची ऊर्जा 10 पट होते. विक्रीपूर्वी मॉडेलची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेत होते. गॅरेजमधल्या बदलानंतरची 'ट्रायल' मात्र थेट वाहत्या रस्त्यावर.

दंड कोणाला?
- मालक: मोटार वाहन कायद्याच्या कलम 182-अ नुसार प्रत्येक बेकायदा बदलासाठी 5,000 रुपये दंड, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.
- चालक: आवाज-प्रदूषणाचे नियम मोडल्यास कलम 190 नुसार पहिल्या वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड, 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. शिवाय 3 महिने परवाना बाद.
- गॅरेज: कायद्याच्या व्याख्येत वाहनदुरुस्ती करणाराही 'डीलर' आहे. नियमबाह्य बदल करून दिल्यास प्रति वाहन 1 लाख रुपये दंड, वर्षभरापर्यंत कैद किंवा दोन्ही.

मग अडते कुठे?
जप्त सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो राज्यभरातून येतात. दंड पोराच्या घरचे भरतात. सायलेन्सर बसवून देणारा नामानिराळा राहतो. कोल्हापूरच्या उद्यमनगराला यंत्रकामाची मोठी परंपरा आहे. त्या हुन्नराला बंदिस्त ट्रॅक आणि अधिकृत चाचणीची सोय मिळायला हवी. पण ती मिळेपर्यंत नृसिंहवाडीचा रस्ता ट्रॅक होऊ शकत नाही. कारवाई गॅरेजच्या दारापर्यंत गेली नाही, तर चिरडलेल्या सायलेन्सरच्या जागी दुसरा बसायला कितीसा वेळ लागणार?