पडवीतले वीस जण
बारी गावातल्या पडवीत आम्ही वीस जण ओळीने आडवे झालो, तेव्हा कळसूबाईच्या चढापेक्षा शेजारच्याच्या घोरण्याचीच धास्ती जास्त होती. शनिवारी रतनगडाचं नेढं गाठून गुडघे आधीच बोलायला लागलेले. त्यात पहाटे साडेतीनला कुणीतरी प्लास्टिकची पिशवी चाळवायला घेतली. प्रत्येक ग्रुपमध्ये असा एक महाभाग असतोच, आणि त्याला हवी ती वस्तू नेमकी तळाशी असते. मग चुलीवरचा धुरकट चहा, अंधारात हाताला गार लागणाऱ्या लोखंडी शिड्या आणि १,६४६ मीटरवरच्या त्या इवल्याशा देवळापाशी बोचरा वारा. फोटो काय, सगळ्यांनीच काढले. मंडळी, पुढच्या वेळी सॅक रात्रीच भरून ठेवा, आणि टॉर्च शेजाऱ्याच्या तोंडावर मारू नका.