वाऱ्याची वाट आणि कृष्णेचा घाट

वाईला दक्षिण काशी म्हणतात ती कृष्णेमुळे. श्रावणाआधीच नदीचे पाणी घाटाच्या पायऱ्या गिळू लागले की जाणती माणसे महाबळेश्वराकडे पाहतात. त्या पावसाचे मूळ मात्र आणखी दूर आहे. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत वेग घेणारे वारे अरबी समुद्र ओलांडून सह्याद्रीला धडकतात, तेव्हा कृष्णेला पूर येतो.

ही वाट आता अवकाशातून मोजता येते. उपग्रहावरील स्कॅटरोमीटर समुद्रावर रडारलहरी सोडतो. वाऱ्याने पाण्यावर उठलेल्या बारीक तरंगांवरून त्या परततात आणि वाऱ्याचा वेग व दिशा सांगतात. १९९९ साली अवकाशात गेलेल्या अमेरिकेच्या ‘क्विकस्कॅट’ने एक मार्मिक गोष्ट दाखवली. गल्फ स्ट्रीमसारख्या उष्ण प्रवाहावर वारा वेग घेतो, थंड पाण्यावर मंदावतो. उबदार पाण्यावरची हवा तापून घुसळली जाते आणि वरच्या थरातील वेगवान वारा खाली उतरतो. सोमालियाच्या किनाऱ्यापाशी वर येणाऱ्या थंड पाण्यावर उलटा प्रकार घडतो. वारा समुद्र हलवतो, तसा समुद्रही वाऱ्याला वळण लावतो.

‘क्विकस्कॅट’ नोव्हेंबर २००९ मध्ये निकामी झाला. त्याच्या दोनच महिने आधी इस्रोने ‘ओशनसॅट-२’ सोडला होता. त्याने टिपलेले वारे पुढे जगाने वापरले. ही अभिमानाची बाब खरीच. पण २०१४ मध्ये त्याचा स्कॅटरोमीटर थांबला आणि ‘स्कॅटसॅट-१’ यायला सप्टेंबर २०१६ उजाडले. तोही २०२१ च्या आरंभी थांबला. ‘ओशनसॅट-३’ गेला नोव्हेंबर २०२२ मध्ये. मधल्या काळात आपल्याला परक्या उपग्रहांवर विसंबावे लागले.

याच खंडात, जुलै २०२१ मध्ये, महाबळेश्वरी एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि वाई तालुक्यातील देवरुखवाडीवर दरड आली. स्वतःचा उपग्रह असता तर ती टळली असती, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. दरड कोठे सुटेल, हे समुद्रावरचा वारा सांगत नाही. त्यासाठी डोंगरावर पर्जन्यमापके हवीत, उतारांची पाहणी हवी आणि रात्री-अपरात्री वस्ती हलवणारी यंत्रणा हवी. साखळीची पहिली कडी अवकाशात असते, शेवटची वाडीत. जुना उपग्रह थकण्याआधी नवा तयार ठेवणे आणि त्याचे शहाणपण शेवटच्या घरापर्यंत पोहोचवणे, ही दोन्ही कर्तव्ये राष्ट्राची आहेत. एकात कौतुक आणि दुसऱ्यात कुचराई, हे यापुढे चालणार नाही.