बंदुकीला दरवाजा, लेखणीला फाईल?

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै 2025 मध्ये विधिमंडळात मंजूर झालं. 15 ऑक्टोबरला माओवादी नेता भूपती याने गडचिरोलीत 60 साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. चांगलंच झालं. जंगलातल्या गावांनी दोन्ही बाजूंच्या गोळ्या खूप सोसल्यात, शांतता त्यांना हवीच आहे. पण या दोन बातम्या एकत्र वाचल्या की आम्हाला पांडुरंग खानखोजे आठवतात.

वर्ध्यात जन्मलेला हा माणूस विशीतच देश सोडून गेला. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकला आणि गदर पक्षात सामील झाला. पक्षाचं वर्तमानपत्र नोव्हेंबर 1913 मध्ये निघालं, पहिला अंक उर्दूत. पुढे त्यात भोपाळचे मौलवी बरकतुल्लाह आले. त्याआधी ते टोकियोत उर्दू शिकवायचे आणि ‘इस्लामिक फ्रॅटर्निटी’ नावाचं पत्र काढायचे. इंग्रजांनी जपानवर दबाव आणून ते बंद पाडलं, नोकरीही गेली. 1 डिसेंबर 1915 ला काबूलमध्ये हंगामी सरकार बनलं, तेव्हा राजा महेंद्र प्रताप राष्ट्राध्यक्ष आणि मौलवीसाहेब पंतप्रधान. 1927 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचा इंतकाल झाला. मुल्कची माती काही नशिबी आली नाही.

खानखोजे तेव्हा इराणात इंग्रजांविरुद्ध लढत होते. नंतर 1924 च्या सुमारास मेक्सिकोत पोहोचले, चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागले. मक्याच्या नव्या जाती काढल्या, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा उभ्या केल्या. दिएगो रिवेराने त्यांना भित्तिचित्रात रंगवलं. तिकडे असा मान, आणि इकडे? स्वतंत्र भारतात यायचं म्हटलं तर इंग्रजांनी घातलेली बंदीच आडवी आली. राज्य गेलं, फाईल राहिली! शेवटी 1949 मध्ये मध्य प्रांत सरकारने त्यांना शेतीच्या सल्ल्यासाठी बोलावलं. त्या प्रांतात चांदा जिल्हा होता. आजचं गडचिरोली त्याचाच भाग, 1982 मध्ये वेगळं झालं. म्हणजे ज्याला यायलाच बंदी होती, तोच सरकारचा सल्लागार. पुढे नागपुरात राहिले आणि 1967 मध्ये तिथेच वारले. 2022 मध्ये लोकसभा अध्यक्षांनी चापिंगोत त्यांच्या पुतळ्याचं अनावरण केलं.

आता अलीकडचं बघा. प्रा. जी. एन. साईबाबांना गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने मार्च 2017 मध्ये जन्मठेप दिली. त्याच खटल्यात पत्रकार प्रशांत राही होते, आणि गडचिरोलीचा एक आदिवासी तरुण होता, जो 2022 मध्ये तुरुंगातच वारला. मार्च 2024 मध्ये नागपूर खंडपीठाने सगळ्यांना निर्दोष ठरवलं. साईबाबा सुटले आणि सात महिन्यांत गेले. इन्साफ मिळाला, पण कोणाला?

बंदूक टाकणाऱ्याला पुनर्वसन मिळतं, ते मिळावंच. ज्याच्या हातात फक्त पुस्तक किंवा लेखणी होती, त्याच्यासाठी असं कोणतंच धोरण नाही. हीच आमची तक्रार आहे. नव्या विधेयकात सरकार एखादी संघटना बेकायदेशीर जाहीर करू शकतं. मग सदस्य, देणगी देणारा, मदत करणारा, सगळेच अडचणीत येतात. ‘हे नक्षलवाद्यांसाठी आहे, आपला काय संबंध’ असं बल्लारपूर-चंद्रपूरकडचे भाऊ म्हणतील. टाडा आला तेव्हाही तो पंजाबातल्या अतिरेक्यांसाठी होता, पण मुंबईच्या मोहल्ल्यांपर्यंत पोहोचलाच ना?

संघटनेवरच्या बंदीची छाननी सल्लागार मंडळाने करायची आहे. त्या मंडळापुढे आपली बाजू मांडायला कागद लागतील. मोहल्ल्यातली वाचनालयं, मदत कमिट्या, विद्यार्थी संघटना यांनी सभासदांची नोंदवही, देणग्यांच्या पावत्या आणि दरवर्षीचा हिशेब आतापासूनच नीट ठेवावा, आणि विधेयक मराठीत मिळवून बैठकीत कलमवार वाचावं.