घराचे अदृश्य दार

रात्री घराच्या दाराला आपण न विसरता कडी लावतो. परंतु वायफायच्या लहरी भिंत ओलांडून रस्त्यावर जातात, हे ध्यानात घेत नाही. जुलै २००८ मध्ये नवी मुंबईतील एका घराचे वायफाय असेच असुरक्षित होते. त्यावरून कोणी अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांसंबंधीचा ई-मेल धाडला, आणि चौकशीला तोंड द्यावे लागले ते त्या घरातील निरपराध गृहस्थाला! म्हणून राउटरसोबत आलेले परवलीचे शब्द पहिल्याच दिवशी बदलावेत. नवे शब्द लांब व इतरांना न सुचणारे असावेत. संदेश गुप्त राखणारी डब्ल्यूपीए-३, निदान डब्ल्यूपीए-२, ही पद्धती निवडावी. कोणास हा संकुचितपणा वाटेल. पाहुण्यांसाठी निराळे जाळे अवश्य ठेवावे. परंतु आपल्या दारातून कोणाचे अहित होऊ न देणे, हाही शेजारधर्मच होय.