परवान्याचा खर्च कोणाचा?

'दुबईची नोकरी आहे, कामाच्या परवान्याचे पैसे भरा,' असे एजंट सांगतो आणि घरातले मंगळसूत्र गहाण पडते. बंधू-भगिनींनो, आम्ही स्पष्टच सांगतो. दुबई ज्या संयुक्त अरब अमिरातीत आहे, तिथे हा परवाना मालकाने काढायचा असतो. तिथल्या २०२१ च्या कामगार कायद्यानुसार भरतीचा खर्च मालकाला कामगाराकडून वसूल करता येत नाही. एजंटाची फी वेगळी. तिला भारत सरकारने ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा घातली आहे. एजंट नोंदणीकृत आहे का, ते 'ई-मायग्रेट'वर पाहावे, पावती घ्यावी. 'आधी टुरिस्ट व्हिसावर जा, परवाना नंतर' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. त्या व्हिसावर काम करणे बेकायदा आहे. दागिना काढण्याआधी करारपत्र वाचून घ्या.